थंड ओढ्यावरची बांबूची काठी

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे. बांबूची, पण तळ्याकाठी मुलं धरून बसतात तशी सरळ तोडून आणलेली नव्हे. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावात हेन्री नावाच्या सुताराने मला घडवलं. त्याने बांबूच्या बारीक पट्ट्या तासल्या, सरसाने जोडल्या, रेशमी दोऱ्याने कड्या बांधल्या आणि वर वॉर्निशचा हात दिला. माझं टोक तर गवताच्या काडीइतकं नाजूक! डोंगरातल्या ओढ्यावर हेन्री मला मागेपुढे झुलवायचा. लांब दोरी हवेत वळसे घेत जायची आणि तिच्या टोकाची, पिसांची खोटी माशी पाण्यावर अलगद उतरायची. ट्राउट मासा हमखास फसायचा. हेन्री त्याला डोळे भरून बघायचा आणि परत पाण्यात सोडायचा. लोक म्हणायचे, "काय काठी आहे!" मी लाजून आणखी वाकायचे.

मग हेन्री गेला, आणि मी गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे पडून राहिले. किती हिवाळे गेले, कोण मोजणार?

पुढे त्या घरात उपासना भाड्याने राहायला आली. भंडाऱ्याची ही मुलगी इथे विद्यापीठात संशोधन करते. यंदा एप्रिल लागला तसं हेन्रीच्या पत्नीने, कॅरलआजींनी, मला तिच्या हाती दिलं.

"एकदा पाण्यावर नेऊन बघ. चालली तर तुझी. मोडली, तर उरेल तो तुकडा मी भिंतीवर लावीन."

भिंतीवर? खिळ्याला लटकत? माझं अंग शहारलं!

शनिवारी सकाळी उपासना आणि तिला भेटायला आलेले तिचे बाबा, भानुदास, मला घेऊन ओढ्यावर पोचले. सावलीत अजून बर्फ होतं. पाणी इतकं गार, की दगडांनीही कुडकुडावं. पण पाण्यावर इवल्या काळ्या माश्या उठत होत्या आणि ट्राउट त्या टिपत होते. टुप! टुप! तो आवाज ऐकून माझ्या जिवात जीव आला.

बाबांनी छातीपर्यंतची रबरी विजार चढवली. "हा ड्रेस आपल्याकडे धानाच्या रोवणीले पाहिजे होता."

"बाबा, फोकस!" उपासना हसली.

लहानपणी बाबा तळ्यावर गळ टाकत. रोज बुद्धाचं पंचशील म्हणू लागले, जीव न घेण्याचं, तसं त्यांनी ते बंद केलं. उपासनाने गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकला, मासा सोडून द्यायचं वचन दिलं, तेव्हा कुठे ते तयार झाले. पण हाताची सवय जाते का? मला मागे नेलं की लगेच पुढे झटका! दोरी त्यांच्याच टोपीत अडकली.

"मागे नेल्यावर थांबायचं, बाबा. दोरी सरळ होऊ द्या."

"थांबायचं म्हणजे किती?"

बाबा कीर्तनवेडे. गावात प्रबोधनाचं कीर्तन असलं की पहिल्या रांगेत. उपासना म्हणाली, "कीर्तनकार ओळ सोडतो आणि मागचे साथीदार झेलतात ना? तेवढं."

"अवं, मंग असं सांग ना!"

बाबा गुणगुणू लागले. ओळ मागे गेली, साथीदारांनी झेलली, आणि पुढे! माशी दगडामागच्या शांत पाण्यावर पिसासारखी उतरली.

टुप!

मासा लागला! आणि बाबांनी, तळ्यावर ओढायचे तसं, मला दोन्ही हातांनी डोक्यावर खेचलं. मी कमानीसारखी वाकले. टोकापाशी 'करर' झालं. संपलं, मला वाटलं, आता भिंतच!

"बाबा, ओढू नका! मोडेल ती! दोरी सोडा!"

"काऊन ओरडून राहिली? सोडली तर पळून जाईल ना!"

"ओळ सोडा, बाबा! साथीदाराला गाऊ द्या!"

बाबांची बोटं सैल झाली. दोरी गुंडाळलेली चरखी किर्र करत फिरली, मासा सुसाट धावला आणि मी मोकळा श्वास घेतला. तो ओढायचा तेव्हा बाबा सोडायचे; तो दमला की हळूच दोरी घ्यायचे. काय रंग भरला, मित्रांनो! मी नखशिखान्त थरथरत होते, पण आता भीतीने नव्हे!

अखेर तो जाळीत आला. पिवळसर अंग, त्यावर लाल ठिपके. बाबांनी आधी हात ओले केले, अलगद गळ काढला आणि त्याचं तोंड प्रवाहाकडे करून धरलं. शेपटी हलली, आणि गेला! बाबा पाण्यातच हात जोडून उभे राहिले. "साधु, साधु, साधु."

उपासनाने माझं टोक निरखलं. फक्त वॉर्निश तडकलं होतं, बांबू शाबूत! तिने लगेच कॅरलआजींना फोन लावला. सगळं सांगितलं. आजी म्हणाल्या, "घेऊन जा तिला. तुझीच आहे ती."

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. ओली असताना मला ठेवायच्या नळीत कोंडू नका. गाडीच्या दाराला टेकवून विसरू नका. माझ्याशी जोर करू नका. थोडी ढील द्या, मग बघा मी काय करते ते! आणि तुमच्या घरात असं कुणी कोपऱ्यात पडलं असेल, तर त्याला पुसून नुसतं ठेवू नका, काम द्या.

उद्या रविवार. बाहेर ढग भरून आलेत, आणि ढगाळ हवेत ट्राउट वर येतात. उठा ना लवकर!