दात, डोकं, कणकण

परिचारिकेने पुन्हा बोट टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला आणि यंत्रातला आकडा बघून ती लगबगीने साखरेची बाटली आणायला गेली. सकाळपासून तिसऱ्यांदा. खाटेवरच्या बाईने हातही मागे घेतला नाही. तिच्या दुसऱ्या हाताला आणखी एक बाटली लावलेली होती. त्या औषधाला सडक्या अंड्यांसारखा वास येत होता.

नवरा पायथ्याशी उभा होता. त्याचं खिळ्या-स्क्रूंचं दुकान होतं. सारी गल्ली त्याला खिळेकाकाच म्हणे. त्याचा एक हात सदऱ्याच्या खिशात होता, आणि सकाळपासून तो तिथून बाहेर आलाच नव्हता.

डॉक्टरीणबाई त्याच्या लेकीच्या वयाच्या होत्या. त्यांनी आवाज खाली आणला.

"काका, तापाची गोळी यकृतात मोडली जाते. मोडताना थोडं विष तयार होतं. ते निपटायला यकृताकडे एक साठा असतो. गोळ्या फार झाल्या की साठा संपतो आणि विष यकृतालाच खातं. म्हणून साखर टिकत नाही, रक्तात आम्ल वाढतंय, रक्त गोठायला वेळ लागतोय. ही वासाची बाटली तो साठा भरून काढते."

"मग भरेल ना?"

"वेळेवर सुरू झाली असेल तर. तुमची मुलगी म्हणते, काल रात्री एकदम घेतल्या. पण रक्तात गोळी फारशी उरलेलीच नाही, आणि यकृताची मात्र दैना झालीय. मेळ बसत नाही. तो बसला तर मला ठरवता येईल, यांना इथे ठेवायचं की यकृत बदलणाऱ्या रुग्णालयात हलवायचं."

"आईलाच विचारा," मुलगी म्हणाली. "हल्ली दूध गॅसवर ठेवून विसरते, गोळ्यांचं काय घेऊन बसलात!" ती वाकली. "आई, कधी घेतल्यास गं? किती?"

"चुकलं माझं," आईने डोळे न उघडताच म्हटलं. "मीच घेतल्या."

खिशातल्या हाताची मूठ वळली.

दुकानात कुठल्याच गिऱ्हाइकाला स्क्रूचा नंबर ठाऊक नसे. 'दाराचा द्या', 'पंख्याचा द्या', 'कपाटाचा द्या'. म्हणून त्याने खणांवर कामांचीच नावं लिहिली होती. एकच स्क्रू तीन खणांत असे, पण त्याने कुणाचं काही बिघडत नसे. घरीही त्याने तेच केलं. औषधांच्या पट्ट्या कापून गोळ्या डब्यांत भरल्या आणि वर सुबक अक्षरात लिहिलं: दात, डोकं, कणकण. चार दिवसांपूर्वी बायकोची दाढ सुजली. डोकंही दुखू लागलं, अंगात कणकण आली.

"अहो, दाढ एकदा दाखवून येऊ या का?" ती म्हणाली होती.

"ज्याचं त्याला दिलं की काम फत्ते," तो हसून म्हणाला होता.

परवा तिला उलट्या झाल्या. काल सकाळी जरा बरं वाटलं, तेव्हा तर त्याला आपल्या डब्यांचं कौतुकच वाटलं.

त्याने खिशातून तिन्ही डब्या काढून टेबलावर ठेवल्या.

"तिने नाही घेतल्या. मी दिल्या. चार दिवस, तिन्हींतल्या."

मुलीने मान वर केली. तो तिच्याकडे न बघता वेळा सांगत गेला. सकाळी इतक्या वाजता, दुपारी इतक्या. पाण्याचा पेला हातात धरून. त्याने एकही वेळ चुकवली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी डब्या कागदावर उपड्या केल्या. एक गोळी गोल, एक लांबट, एक पिवळी. त्यांनी कापलेल्या पट्ट्यांच्या तुकड्यांवरची नावं वाचली.

"तीन कंपन्यांच्या आहेत, काका. मुख्य औषध एकच."

त्या बाहेरच्या फोनकडे वळल्या. दारातून त्यांचं बोलणं तुटक ऐकू येत होतं: "नाही, एकदम नाही... चार दिवसांपासून... हो, आजच हलवते."

मुलीने कागदावरच्या गोळ्यांकडे पाहिलं. मग तिने कोपऱ्यातलं स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवलं आणि ती बाहेर गेली.

तो बसला.

"अगं, मीच घेतल्या असं का म्हणालीस?"

"लेकीसमोर तुम्हाला..." तिचे ओठ कोरडे पडले होते. वाक्य तिथेच राहिलं.

त्याने ओल्या कापसाने ते पुसले. बाटलीतून थेंब पडत होते. तो थोडा वेळ मोजत बसला आणि मग त्याने मोजणं सोडून दिलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"दाढ दुखतेय का गं अजून?"

"नाही," ती म्हणाली. "तेवढी मात्र थांबली."