चार बोटं कापड

माझा धाकटा भाऊ जुगारी आहे. 'जरा नाद आहे', 'विरंगुळा म्हणून खेळतो' असलं गुळमुळीत मी लिहिणार नाही. तसं बोलून बोलूनच आम्ही इथवर आलो.

आमच्या शिवणकारखान्यात तो कापड कापतो, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. मी तयार कपडे तपासते. तुटलेला टाका, वाकडं काज, आखूड कॉलर, काही माझ्या नजरेतून सुटत नाही. पाठचा भाऊ तेवढा चार वर्षं सुटला.

फोनवर खेळायचा. त्या खेळाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'जबाबदारीने खेळा'. घराला काडी लावायची आणि वर सांगायचं, सांभाळून शेका हं! रोजची मर्यादा ठरवायची सोयही होती. त्यानं ठरवली की. ती संपली की बायकोच्या फोनवर दुसरं खातं. तेही संपलं की माझ्याकडे, "ताई, दोन मिनिटं दे गं, माझ्याला रेंज नाही." आणि मी शहाणी देत होते.

मग एक दिवस मालकीणबाईंनी त्याला एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात कापायचं मशीन धरलेलं पाहिलं. पातं बोटांपासून वीतभर अंतरावर फिरत होतं. त्या तिथल्या तिथे काढणार होत्या. मी मध्ये पडले.

"ह्याची हमी माझी," मी म्हटलं.

"तुमची?" त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "बरं. दवाखान्याच्या कोटांची ऑर्डर येतेय. ती नीट कापली तर टेबल ह्याचं. नाहीतर मला तोंड दाखवायचं नाही."

घरी भावजयीनं आणखी सोपं करून सांगितलं. "वन्सं, टेबल गेलं तर मी लेकीला घेऊन आईकडे जाते. दोनदा गेले आणि दोनदा आले. तिसऱ्यांदा गेले तर यायची नाही."

म्हणजे सगळं त्या एका टेबलावर आलं होतं.

मी त्याला समुपदेशक बाईंकडे नेलं. त्यांनी नऊ प्रश्न विचारले. गेलेलं परत मिळवायला पुन्हा खेळता का? घरच्यांशी खोटं बोलता का? थांबायचं ठरवून थांबता येत नाही का? हा आपला हो, हो, हो. बाहेर आल्यावर म्हणतो, "नऊपैकी आठ, ताई! शाळेत कधी एवढे पडले नव्हते मला." मी हसले. रस्त्यात उभी राहून खदाखदा हसले.

बाईंनी मला एकटीला थांबवून सांगितलं होतं, "फोन काढून घ्या, पण फोन म्हणजे रोग नव्हे. माणूस कशावरही लावतो. उदास दिसला तर घाबरू नका, दिसणारच. एकदम खूश दिसायला लागला तर मला कळवा."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

फोन माझ्या कपाटात कुलूपबंद केला. तीन दिवस भाऊ मढ्यासारखा वावरला. जेवायला बोलावलं की यायचा, ताट संपेपर्यंत शब्द नाही. चौथ्या दिवशी कटिंगच्या टेबलावरून शीळ ऐकू आली. डोळ्यांत चमक, हात झपाझप चाललेत, चहाच्या सुट्टीतसुद्धा पुठ्ठ्याचे साचे कापडावर इकडून तिकडे सरकवतोय. मला वाटलं, आला माझा भाऊ परत. मी धावत जाऊन भावजयीला सांगितलं, "सुटला गं!"

तिनं हातातली भांडी खाली ठेवली. "खूश आहेत?"

"मग काय तर! शीळ घालतोय."

"वन्सं, शीळ ते जिंकताना घालायचे."

"तुला मेलीला सुखसुद्धा टोचतं," मी म्हटलं. असं म्हटलं मी. तिनं भांडी पुन्हा उचलली.

आता कापडाचं सांगते, कारण घात तिथे झाला. कोटांचं कापड एका अंगानं गुळगुळीत, पाणी न शोषणारं. दुसरं अंग खरखरीत, ते आतच जायला हवं. असं कापड अंथरताना प्रत्येक थराची चांगली बाजू वर ठेवायची, आणि सगळ्यात वरच्या थरावर डाव्या बाहीचा साचा वेगळा आणि उजव्या बाहीचा वेगळा आखायचा. बाहीचा खांद्याकडचा गोल पुढून खोल असतो, मागून उथळ. साचा पालथा घातला की उजवी बाही डावी होते. शिकाऊ पोराला पहिल्या आठवड्यात हे सांगतात. हा बावीस वर्षं कापतोय.

त्यानं एकशे ऐंशी थर कापले. मी स्वतः बंडलं मोजून शिवायला दिली. आकडा बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी बाह्या जोडायला बसलेली चष्मेवाली ओरडली, "ओ ताई, ह्या दवाखान्यात सगळ्यांना दोन्ही हात डावेच आहेत का हो?"

शिलाईची अख्खी ओळ हसली. मी गेले. तिच्या हातातली बाही घेतली, दुसरी घेतली, एकावर एक ठेवली. तंतोतंत बसल्या. तिसरी ठेवली. तीही बसली. हसणं हळूहळू थांबलं. सगळ्या डाव्या. उलटून लावाव्यात तर खरखरीत अंग बाहेर येत होतं. आणि बाही निघेल एवढं कापड शिल्लक नव्हतं. तसलं कापड गिरणीतून यायला महिना लागतो, दवाखान्याला कोट आठ दिवसांत हवे होते.

मी त्याला मालकीणबाईंच्या खोलीबाहेरच्या बोळात गाठलं. तो कापडाच्या गुंडाळीवर बसला होता. त्याला कळलं होतं.

"तुला दिसलं नाही?" मी विचारलं. "बावीस वर्षं! आंधळ्यालाही हाताला कळलं असतं."

"साचा पालथा घातला की प्रत्येक थराच्या टोकाला चार बोटं कापड वाचतं," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं होतं वाचवायला?"

तो हळूच म्हणाला, "कापड आणणारा टेम्पोवाला म्हणाला होता, मास्तर, चार बोटं कमी कापडात तुम्हाला साचे बसवता यायचे नाहीत. मी म्हटलं, लाव."

"काय लावलंस?"

"आठवड्याचा पगार." आणि मग तो हसला. खरंच हसला, लहानपणी झाडावरून कैरी पाडल्यावर हसायचा तसा. "ताई, जिंकलो मी. त्यानं टेप लावून मोजलं. चार बोटं पुरी."

मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याला लागली नाही. म्हणजे गालाला लागली असेल, त्याला नाही लागली.

"उजवी बाही कुठे गेली, हे एकदाही मनात आलं नाही?"

"नाही," तो म्हणाला. तो खरं बोलत होता. "तेव्हा नुसती चार बोटं दिसत होती. बाकी काहीच दिसत नव्हतं."

आतून मालकीणबाईंचा आवाज येत होता. दवाखान्याच्या माणसाशी फोनवर बोलत होत्या, माफी मागत होत्या. त्या कुणाची माफी मागतात हे मी कधी ऐकलं नव्हतं. मी भिंतीला टेकून उभी राहिले. भाऊ दाराकडे टक लावून बसला होता. गुडघा हलत होता.

"ताई," तो कुजबुजला, "आत बोलावलं तर ठेवणार. दारातूनच सांगितलं तर काढणार. मी म्हणतो, आत बोलावणार. बोल, लावतेस?"

"तोंड बंद कर."

"पैसे नको गं. नुसतं सांग."

दार उघडलं. मालकीणबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मागे खोलीतल्या खुर्चीकडे एकदा नजर टाकली. आणि तिथूनच, दारातून, म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नका. ताई, तुम्हीही नको." दार बंद झालं.

मी वाट पाहिली. तो रडेल, दारावर धडका देईल, माझ्या पाया पडेल. त्यानं मांडीवर हात आपटला आणि म्हणाला, "थोडक्यात हुकलं! पाहिलंस ना तू? बोलावणारच होती. खुर्चीकडे बघितलं तिनं."

आम्ही घरी निघालो. माझी नोकरी गेली, हे त्याच्या लक्षात आलं होतं की नाही, मला माहीत नाही. तो भरभर चालत होता. मी दोन पावलं मागे. चौकात गाड्यांसाठी थांबलो तेव्हा तो वळला. डोळ्यांत पुन्हा तीच चमक.

"आता हिचं बघू," तो म्हणाला. "जाईल की थांबेल? लेकीची परीक्षा आहे. मी म्हणतो, थांबेल. तुझं काय?"

मी गाड्यांकडे पाहत राहिले. पण मनातल्या मनात मी म्हटलं, जाईल. बातमी आमच्या आधीच घरी पोचली होती; गल्लीच्या तोंडाशी रिक्षा उभी दिसली, तिच्यात भावजयीची पहिली बॅग चढत होती, तेव्हा क्षणभर, अगदी क्षणभर, मला माझा अंदाज बरोबर आल्याचं बरं वाटलं.