दोन नंबरच्या लाइनीवरचा किटली

दहा चाळीस होऊन गेले तरी फोनच्या दोन नंबरच्या लाइनीचा दिवा लागला नाही.

स्टुडिओच्या काचेपलीकडून डेलने भुवया उडवून विचारलं, आजही नाही? मी मान हलवली. हा तिसरा शनिवार होता. डेलने माइककडे तोंड वळवलं आणि हरणाच्या शिकारीला कुठली रायफल चांगली यावर एका गृहस्थाशी हुज्जत घालायला लागला. माझं त्यातल्या एका शब्दाकडे लक्ष नव्हतं.

डेल रकमनचा ‘सज्ज’ हा रेडिओवरचा कार्यक्रम दर शनिवारी सकाळी नऊ ते बारा चालायचा. आयडाहो राज्याच्या आमच्या या डोंगराळ टोकाला जितक्या बंदुका तितके त्याचे श्रोते, आणि दोन्हींची मोजदाद कुणी करू नये असा डेलचा हट्ट. बंदुकीच्या नळीला कुठलं तेल द्यावं, गहू दहा वर्षं कसा टिकवावा, वीज गेली तर विहिरीतून पाणी कसं काढावं, आणि सरकार सध्या काय शिजवतंय, एवढ्या चार विषयांवर माणसं वर्षानुवर्षं बोलायची आणि कंटाळायची नाहीत. रस्त्यावरच्या पाट्यांच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठ्या म्हणजे परक्या फौजेसाठी केलेल्या खुणा आहेत, हे सांगायला एकजण दर महिन्याला न चुकता फोन करायचा. डेल सरकारच्या नावाने तीन तास शंख करायचा आणि त्याची बायको टपालखात्यात नोकरीला होती. मी एकदा टोकलं तर म्हणाला, “टपाल वेगळं!”

मी वर्ना. कार्यक्रमाचे फोन मी उचलायचे. कोण बोलतंय, शुद्धीत आहे ना, शिव्या तर देणार नाही, एवढं बघायचं आणि पाळी येईपर्यंत त्याला लाइनीवर धरून ठेवायचं. माझ्यावर नियम एकच होता. नाव विचारायचं नाही, नंबर टिपायचा नाही. फोनवर नंबर दिसायची बारकी खिडकी असते ना, तिच्यावर डेलने पहिल्याच दिवशी काळी पट्टी चिकटवली होती. “यादीच नसली तर ते जप्त काय करणार?” असं तो छाती ठोकून सांगायचा. त्यामुळे आमच्याकडे माणसं टोपणनावानं यायची. कुणी गवंडी, कुणी म्हातारी घोडी, कुणी सुतळी.

किटली त्यातलाच एक. पहिल्यांदा त्याचा फोन आला तेव्हा त्याच्या मागे चुलीवर किटली कोकलत होती. मी म्हटलं, “अहो, आधी ती उतरवा, मग सरकार पाडा.” तो इतका हसला की त्याला ठसका लागला. तेव्हापासून नाव पडलं ते पडलं. तेव्हा मी बेचाळीसची होते.

तो सरकारवर फारसा बोलायचा नाही. बरणीत मांस कसं भरावं, मोडलेल्या हाडाला फळ्या कशा बांधाव्या, असलं काही शांतपणे सांगायचा. पण डेलपर्यंत पोचण्याआधी लाइनीवर पाच-सात मिनिटं थांबावं लागे, ती मिनिटं आमची दोघांची. एकोणीस वर्षं, दर शनिवारी. माझ्या नवऱ्याच्या, रॉनच्या, आजारपणात मी रडले असेन तर त्याच मिनिटांत. तो म्हणायचा, “रड पोरी, मला इथून काही दिसत नाही.” रॉन गेला त्या आठवड्यात स्टेशनच्या पायरीवर एक खोकं मिळालं. पीचच्या चोवीस बरण्या होत्या, प्रत्येक झाकणावर तारीख घातलेली. नाव अर्थातच नव्हतं.

आणि आता हा माणूस तीन आठवडे गप्प होता. त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं, गाव ठाऊक नव्हतं, तो जाड होता की बारीक तेही ठाऊक नव्हतं. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

जाहिराती लागल्या तशी मी आत गेले. “डेल, मला माइकवर बोलू दे.”

“काय बोलणार?”

“किटली कुठं राहतो ते विचारणार.”

डेलने कानावरचे हेडफोन काढले. “वेड लागलंय का तुला? आपण शब्द दिलाय लोकांना. इथं कुणाचा पत्ता विचारायचा नाही म्हणजे नाही.”

“मग पोलिसांत, शेरीफला कळवते.”

“कळव की. काय सांगशील? किटली नावाचा माणूस हरवलाय? आणि सापडलाच तर त्याच्या फाटकातून शेरीफची गाडी आत जाणार. काय होईल ते तुला माहितीये.”

मला माहीत होतं. बोलावल्याशिवाय सरकारी चाक माझ्या हद्दीत आलं तर मी आधी हाक मारीन आणि मग गोळी, असं किटलीने एकदा कार्यक्रमात सांगितलं होतं. आवाज न चढवता सांगितलं होतं, म्हणून ते खरं वाटलं.

“तीन वर्षांचा गहू भरून ठेवलात रे सगळ्यांनी,” मी म्हटलं, “आणि पडलात तर उचलायला कोण येणार याची सोय एकानंही केली नाही. एकानंही!” डेल उठला आणि त्याने आपली खुर्ची मला दिली.

एकोणीस वर्षांत मी माइकवर एकदाही बोलले नव्हते. “मी वर्ना. फोन उचलते ती,” मी म्हटलं. “किटलीचा तीन शनिवार फोन नाही. मला त्याचं नाव नको. नुसता रस्ता सांगा. इथं नका सांगू, मला लाइनीवर सांगा. मी एकटी जाईन.”

पहिला फोन आला तो खेकसलाच. “किती पैसे दिले गं तुला सरकारनं?” त्याने फोन आपटला.

दुसरा सुतळी होता. “तू वर्नाच कशावरून?” तो म्हणाला. “माझी बायको गेली त्या हिवाळ्यात तू मला काय म्हणाली होतीस?”

“म्हटलं होतं, आधी जेव, मग काय ते बोल. तू अंडी तळलीस. तोवर मी थांबले होते.”

मग तो हळू आवाजात म्हणाला, “हां. वर्नाच आहेस. मी गॅसच्या टाक्या पोचवतो. त्याची टाकी फाटकाबाहेर ठेवून येतो. जुन्या खाणीचा रस्ता, जळक्या शाळेवरून डावीकडे, सहा मैलांवर हिरवं फाटक. हे मी कुणाला सांगितलेलं नाही कधी. दोनदा हॉर्न दे, खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढ आणि थांब. आणि बाई, फाटकापलीकडे मी पाऊल टाकलेलं नाही.”

“पण त्याला कळणार कसं की मीच आहे म्हणून?”

“अगं, रेडिओ आहे ना त्याच्याकडं!”

मी गाडी काढली तेव्हा अकरा वाजून गेले होते. सगळ्या रस्ताभर गाडीतल्या रेडिओवर डेल ओरडत होता. “किटली, ऐकतोयस का? निळी पिकअप येतीये. आत वर्ना आहे, एकटी आहे. बंदूक खाली ठेव बाबा.” मग लोकांचे फोन सुरू झाले. गवंडी म्हणाला, किटली, तुझ्या पद्धतीनं भरलेलं मांस सहा वर्षं टिकलं. म्हातारी घोडी म्हणाली, दार उघड रे, चांगली बाई आहे ती. पाट्यांच्या चिठ्ठ्यावालाही बोलला, आणि आयुष्यात पहिल्यांदा चिठ्ठ्यांबद्दल अवाक्षर न काढता बोलला. मला समोरचा रस्ता धड दिसेना.

फाटकाशी मी दोनदा हॉर्न दिला, हात बाहेर काढले आणि थांबले. कुणी आलं नाही. फाटकाच्या आत टेलिफोनच्या तारेवर एक मोठं झाड आडवं पडलं होतं, अर्धं कापलेलं. करवत तिथंच बर्फात पडली होती. फाटक ओलांडून मी हात वर करून चालत गेले, आणि घराच्या आतून डेलचा आवाज ऐकू आला. “वर्ना आहे, वर्ना आहे.”

तो स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला होता. उंच, हडकुळा, सत्तरीचा म्हातारा. मी इतकी वर्षं जाड माणूस समजून चालले होते. रायफल मांडीवर होती, पण तिच्यातल्या पाचही गोळ्या त्याने काढून टेबलावर ओळीने उभ्या केल्या होत्या. डाव्या पायाला फळ्या बांधलेल्या होत्या, अगदी व्यवस्थित. फळ्यांखालचं पाऊल काळं पडलं होतं आणि खोलीला वास मारत होता.

“ओंडका घसरला,” तो म्हणाला. “तार मोकळी करत होतो. तुला फोन करायचा होता.”

“कंपनीला झाड काढायला सांगायचं नाही?”

“सांगायला फोन नको का?” तो हसायला गेला आणि दात आवळून गप्प झाला. तापाने त्याचे डोळे लाल झाले होते.

मी त्याला पाणी पाजलं. त्याचं कपाळ तव्यासारखं तापलं होतं. मी म्हटलं, “मला तू उचलायचा नाहीस. फाटकाशी माझ्या मोबाइलला रेंज होती. अँब्युलन्स बोलावते.”

“ते नाव विचारतील.”

“विचारतील.”

“लिहून ठेवतील.”

“ठेवतील. हे बघ, तू नको म्हणालास तर मी इथंच बसेन तुझ्याजवळ. पण मग तू दोन दिवसांत मरशील, आणि ते मला बघायला लावू नकोस. रॉनचं बघितलंय मी.”

रेडिओवर डेल अजून हाका मारत होता. किटलीने हात लांब करून रेडिओ बंद केला.

“लिअँडर,” तो म्हणाला. “लिअँडर फॉस्ट.” मग माझं मनगट धरलं. “हे त्यांना नाही सांगत मी. तुला सांगतोय. पुढं तुला काय करायचं ते तू कर.”

त्यानंतर तो अकरा दिवस जगला. पाय कापूनही विष पसरलंच. ते सगळे दिवस तो नर्सबाईंना बरण्या कशा भरायच्या ते शिकवत होता, आणि त्यांच्या कागदांवर स्वतःच्या हाताने सही करत होता. आता आमचं स्टेशनही राहिलं नाही. कुठल्या तरी लांबच्या शहरातून एक यंत्र गाणी लावतं, फोन करायला नंबरसुद्धा नाही. शनिवारी दहा चाळीसला माझे हात अजून रिकामे रिकामे वाटतात. डेल जाऊन चार वर्षं झाली.

पण त्या दिवशी मी फाटकापर्यंत धावत गेले आणि फोन लावला. पलीकडची मुलगी चांगली होती, माझ्यासारखीच कामात तरबेज. रस्ता नीट टिपून घेतला. पेशंटचं नाव विचारलं. मी ते आधी एकदा मनात म्हटलं, आणि मग तिला सांगितलं, अक्षरन् अक्षर.

“आणि तुम्ही त्यांच्या कोण?” तिने विचारलं. “इथं लिहावं लागतं.”

एकोणीस वर्षं मी लोकांना विचारत आले होते, कोण बोलतंय म्हणून. आता पाळी माझ्यावर आली होती. मी घराकडे वळून बघितलं. घराच्या धुराड्यातून धूर येत नव्हता. आत एक माणूस माझी वाट बघत होता.

“घरचीच आहे,” मी म्हटलं. “लवकर या.”