परक्याचे शेअर

शेअर म्हणजे काय ते आपल्याला ठाऊक आहे, असं मालनबाईंना वाटत होतं. साखर कारखान्याचा एक शेअर त्यांच्या नावावर होताच. त्याच्यावर दिवाळीला साखर मिळायची, वर्षाच्या सभेला चहा मिळायचा आणि त्याचा भाव काय, हे कधी कुणी विचारलं नव्हतं. म्हणून सून रुपाली म्हणाली, "आई, पेरूचे सगळेच पैसे बँकेत कशाला, थोडे शेअरमध्ये घालू," तेव्हा त्यांनी लगेच मान डोलावली.

रुपाली शिर्डीच्या एका हॉटेलात काउंटरवर कामाला होती. तिनंच सासूच्या मोबाईलवर डिमॅट खातं उघडून दिलं. राहात्याच्या त्यांच्या पेरूच्या बागेत ज्या कंपनीचं ठिबक होतं ते सहसा फुटत नसे, म्हणून मालनबाईंनी त्याच कंपनीचे वीस शेअर घ्यायला लावले.

"आता सभा कधी हाय?" त्यांनी विचारलं.

"ती मोबाईलवरच असते, आई."

"मंग पाइप तरी सवस्तात मिळत्याल?"

"नाही."

"मंग मी मालकीन कशाची झाले?"

रुपाली हसली आणि कामाला निघाली.

भावाचं तर काही उमगेना. सकाळी वर, दुपारी खाली. बाजार समितीत पेरू उतरला तर आवक वाढली म्हणून उतरला, हे कळतं. इथं कुणी क्रेट आणत नव्हतं की नेत नव्हतं. "मी घेतले म्हंजे कुनीतरी इकलेच ना? त्याला काय कळलं हुतं, जे मला न्हाई?" हा प्रश्न त्या स्वयंपाक करतानाही घोळवत राहायच्या.

एका सकाळी मोबाईल उघडला तर भाव निम्म्यावर आलेला. रुपालीला फोन लावला, पण गुरुवार होता, शिर्डीत गर्दीचा दिवस. काउंटरवर भक्तांची रांग असणार, तिनं उचलला नाही. उरलंय तेवढं तरी पदरात पडू दे, असं म्हणत त्यांनी रुपालीनं दाखवलं होतं तसं दाबत दाबत सगळे शेअर विकून टाकले.

नवरा छगन बागेतून आला. "इकलं सगळं," त्या म्हणाल्या.

"बुडालं का?"

"निम्मं."

तो पाय धुऊन मुकाट्यानं जेवायला बसला. त्यापेक्षा तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी रुपालीनं बातम्या धुंडाळल्या, पण कंपनीला आग लागली नव्हती की कुणी पळालं नव्हतं. दोघींना काही कळेना. त्यातच दोन-तीन दिवसांनी खात्यात पुन्हा वीस शेअर दिसू लागले.

"हे आपले न्हाईत," मालनबाई म्हणाल्या. "कुना परक्याचे चुकून आल्यात. परत कर."

परत कुणाला करायचे, हे रुपालीलाही माहीत नव्हतं. शेवटी त्या तिच्या स्कुटीवर बसून राहात्यात शेअरचं काम करणाऱ्या ज्ञानेश्वरच्या दुकानात गेल्या. त्यानं मोबाईल पाहिला.

"तुमचेच आहेत, मावशी. कंपनीनं एकावर एक बोनस दिला. शेअर दुप्पट झाले, म्हणून भाव निम्मा झाला. तुम्ही विकले ते पहिले वीस. पण बोनसच्या ठरलेल्या तारखेला ते तुमच्याच नावावर होते, म्हणून बोनसचे आत्ता तुम्हाला जमा झाले."

"म्हंजे बुडालं न्हाई?"

"नाही. एका भाकरीचे दोन तुकडे केले, एवढंच. भाकरी तेवढीच."

"मंग दिलं काय?"

ज्ञानेश्वरनं मोबाईल परत दिला. "तसं बघितलं तर काहीच नाही."

"कारखाना बोनस देतो तवा कामगाराच्या हातात नोटा पडत्यात," मालनबाई म्हणाल्या. "ह्याला का बोनस म्हनत्यात मंग?"

परतताना त्यांना हायसं वाटत होतं, पण डोक्यातला गुंता सुटला नव्हता. वाटेत त्यांनी रुपालीच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझे ज्यानं घेतले, त्याला ठावं असंल का मी घाबरून इकले ते?"

"त्याला तुम्ही कोण तेही माहीत नसेल, आई."

हे मालनबाईंना सगळ्यात विचित्र वाटलं. आजवर ज्याला पेरू विकला त्याचं तोंड त्यांनी पाहिलं होतं.

घरी आल्यावर उरलेले शेअर ठेवायचे असं ठरलं. मात्र कंपनीचा इंग्रजी निरोप आला की तो दोघींनी बसून वाचायचा आणि तोवर कशालाही बोट लावायचं नाही. रुपालीनं जुने निरोप काढले. बोनसचा त्यात होता, महिन्यापूर्वीचा.

"रेकॉर्ड डेट म्हंजे काय गं?" मालनबाईंनी विचारलं.

रुपालीनं ओळ पुन्हा वाचली. "थांबा," ती म्हणाली, "मलाही बघावं लागेल."