खोलीचा आवाज

साहेब, माझ्या नवऱ्याचा खोकला तुम्ही कापायला लावलात. इतिहासाच्या पुस्तकातला. 'पार्श्वभूमीला व्यत्यय' असा शेरा मारून अख्खा धडा परत पाठवलात आणि मी तो मुकाट्यानं पुन्हा वाचला. तेव्हा बोलले नाही. आता तुम्ही माझ्या कॉम्प्युटरलाही नालायक ठरवलंत. आता बोलणार.

ज्यांना दिसत नाही अशा मुलांसाठी मी शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. तुमच्या संस्थेसाठी, फुकट, झोपायच्या खोलीत भिंतींना जाड चादरी टांगून. माझं स्वतःचं शिक्षण अर्धवट, पण वाचणं स्वच्छ, असं तुमच्याच माणसानं सुरुवातीला सांगितलं होतं. आणि परवा तुमचं फर्मान आलं. यापुढे नवा प्रोग्राम, त्याला आठ कोरांचा प्रोसेसर हवा. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी थांबावं. आभार एका ओळीत आटोपले होते.

म्हणून मी तो कॉम्प्युटरचा डबा पिशवीत घातला, बसमध्ये मांडीवर घेऊन बसले आणि दुकानात नेला.

"ताई, हा जोडला कुणी?" दुकानदारानं स्क्रू फिरवता फिरवता विचारलं.

"आमच्या ह्यांनी. लिफ्ट दुरुस्त करायचे."

"तरीच. डबा खाली कोसळून कुणी मरेल अशा भीतीनं आवळलेत."

"तसेच होते ते."

होते, म्हटल्यावर त्यानं उरलेले स्क्रू जपून काढले. डबा चालू करून त्यानं एक बटण दाबून ठेवलं. एरवी कधी न दिसलेला निळा पडदा आला. तो बघत राहिला.

"तुमच्याकडे चार कोर आहेत. म्हणजे कॉम्प्युटरच्या डोक्यात चार कामकरी. त्यातले तीन बंद आहेत."

"बिघडलेत?"

"नाही हो, ठणठणीत आहेत. हातानं बंद केलेत, मुद्दाम. चौघांना कामावर ठेवायचं आणि तिघांना बाकावर बसवायचं, असं कोण करतं?"

"पण का?"

त्यानं मान खाजवली. "कमी कोर चालले की डबा कमी तापतो. कमी तापला की पंखा हळू फिरतो. दुसरं काही सुचत नाही मला."

दुसरं काही नव्हतंच. किती वर्षं मी टोमणे मारले, घरात गोगलगाय आणून ठेवलीय म्हणून. एक पान उघडेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा. हे म्हणायचे, "चालते ना? मग चालू दे की." एकदाही सांगितलं नाही की ती माझ्यासाठीच हळू चालते, माझ्या वाचण्यात पंख्याची घरघर येऊ नये म्हणून.

दुकानदारानं दोन प्रोसेसर समोर ठेवले. नखाएवढे नाही, पण बिस्किटाहून लहान. "दोन्ही आठ कोरांचे. हा जोरकस. गेम खेळणारी पोरं हाच नेतात. हा दुसरा वीज कमी खातो, पण जरा मंद."

"आवाज कुणाचा कमी?"

"लोक वेग विचारतात, ताई."

"लोकांचं सोडा."

"मग ऐकावंच लागेल. दोन्ही जोडलेले डबे आहेत माझ्याकडे."

पण दुकान रस्त्यावर. बाहेर हॉर्न, शेजारी पत्रा कापणारा. तो उठला, दारात आलेल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "जरा थांबा, आम्ही ऐकतोय," आणि भर दुपारी त्यानं शटर ओढून घेतलं. अंधारात आम्ही दोन अनोळखी माणसं एका पंख्याला कान लावून बसलो. पहिला डबा चुलीवरच्या किटलीसारखा होता. दुसऱ्याचा आवाज मी अगदी जवळ कान नेला तेव्हा कुठे कळला. शेजारी तोही श्वास रोखून बसला होता. कुणीतरी माझ्यासाठी श्वास रोखून बसल्याला बरेच दिवस झाले होते.

"हा द्या," मी म्हणाले.

"मंद आहे हं. मागाहून म्हणाल."

"मला सवय आहे. आणि डबा जुनाच ठेवा. डिस्कसुद्धा."

तो जोडत होता तेवढ्यात मी तुमच्या कार्यालयात फोन लावला. बोलणारी मुलगी गोड होती.

"माझी पुस्तकं कुणी ऐकतं का?" मी विचारलं.

"त्याची नोंद आम्ही ठेवत नाही, मॅडम."

"एखाद्या मुलानं कधी काही कळवलं? आवडलं, नाही आवडलं?"

"प्रोग्रामबद्दल काही अडचण असेल तर सांगा ना."

अडचण कसली. अडचण काही नव्हती. मी फोन ठेवला.

घरी येऊन मी चादरी सारख्या केल्या, माइक लावला. साहेब, तुम्हाला ठाऊक असेल, पुस्तक सुरू करण्याआधी थोडा वेळ काहीच न बोलता रेकॉर्ड करायचं असतं. खोलीचा आवाज म्हणतात त्याला. मग प्रोग्राम तेवढा आवाज सगळ्या पुस्तकातून वजा करतो. तेव्हा हे पलंगाच्या कडेला पुतळ्यासारखे बसायचे. नाक चोंदलेलं असलं तरी तोंड मिटून. मग एक बोट वर करायचे, म्हणजे मी वाचायला लागायचं.

जुन्या डिस्कवरचे ते तुकडे मी आज ऐकले. पंखा कुठेच नाही. ह्यांचा श्वास आहे. गुडघा कट्‌कन वाजलेला आहे. एका ठिकाणी आवंढा गिळलाय, इतका हळू की मलाच ओळखू यावा. प्रत्येक पुस्तकातून मी एवढं वजा करून तुमच्याकडे पाठवत होते.

मग नवा प्रोग्राम उघडला आणि खोलीचा आवाज घेतला. पलंगाकडे पाहिलं नाही. पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं, 'पार्श्वभूमी उत्कृष्ट'. इतकी शाबासकी तुम्ही मला कधी दिली नव्हती. ह्या खोलीत आता वजा करण्यासारखं काही उरलेलं नाही, साहेब.

मी भूगोलाचं पुस्तक घेऊन बसले आहे. पहिलं पान उघडलंय. बोट वर करणारं कुणी नाही, तेव्हा ते तुम्ही करा. तुमच्या नोंदी बाजूला ठेवा, आभारही ठेवा. नाव सांगू नका, गाव सांगू नका. एखादं पोर कुठेतरी बसून माझा आवाज ऐकतंय, आहे की नाही? एवढंच विचारतेय. आठ कोर घातलेत तुमच्यासाठी. उत्तर द्या.