गेल्या अठ्ठावीस दिवसांत

"गेल्या अठ्ठावीस दिवसांत आजारपणामुळे किती दिवस काम बुडालं?" सिस्टरनी फॉर्मवर पेन टेकवून विचारलं.

"शून्य," धाकटा म्हणाला.

मी खुर्चीतून उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले. आई जाऊन दोन महिने झाले होते. तिचं आणि माझ्या या भावाचं दुखणं एकच, तिच्याकडूनच त्याला आलेलं. जंतूंशी लढणारी प्रतिपिंडं अंगात पुरेशी तयारच होत नाहीत. दर चार आठवड्यांनी ती बाहेरून, शिरेतून घ्यावी लागतात. ती किती आणि किती दिवसांनी द्यायची, हे डॉक्टर रक्त तपासून आणि हा फॉर्म वाचून ठरवतात.

"आईंचा फॉर्म दोन मिनिटांत उरकायचा," सिस्टर म्हणाल्या. "सगळीकडे शून्य."

शेवटच्या फॉर्मवरही शून्यच होतं. त्यानंतर अकराव्या दिवशी तिला न्यूमोनियानं गाठलं. आमच्या घरात आजारी म्हणजे ज्याला उचलून न्यावं लागतं तो. बाकी सगळे ठणठणीत.

"खरं सांग," मी धाकट्याला म्हणाले.

"खरंच सांगतोय. एक दिवस बुडवलेला नाही. विचार मालकाला."

तेही खोटं नव्हतं. तो बायंडिंगच्या दुकानात काम करतो. ताप अंगावर काढून दिवसभर कागद कापतो, आणि घरी आला की चपलांसकट आडवा होतो.

"चपला न काढता किती दिवस झोपलास?"

"हा प्रश्न फॉर्मात नाही, ताई."

"मी विचारतेय ना."

"वकील कधी झालीस?" तो हसला, मग हसू आवरून म्हणाला, "हे बघ, खरं सांगितलं की चाराचे तीन आठवडे होणार. अख्खा दिवस त्या नळीला जखडून, दुसरा दिवस डोकेदुखीत. मालक किती ऐकून घेईल? मला ते काम आवडतं गं. आईचंही तेच होतं. तिला आपल्यात बसायचं होतं, इथे नाही."

आईनं आपल्याला फसवलं, हा राग मी दोन महिने जपला होता. आता तो नीट धरताही येईना.

"खरं सांगितलं असतं, तर ती आणखी किती दिवस आपल्यात बसली असती?" मी म्हणाले.

तो नखातली खळ कोरत राहिला.

"एकोणीस," तो म्हणाला.

"काय एकोणीस?" सिस्टरनी विचारलं.

"दिवस. चपलांसकट."

त्यांनी लिहून घेतलं, पान उलटलं. "शेवटचा प्रश्न. एकंदर आयुष्य कसं चाललंय? वाईट, बरं, चांगलं, उत्तम."

"उत्तम."

"अहो दादा, एकोणीस दिवस आणि उत्तम? जुळत नाही हे. डॉक्टर विचारतील."

"विचारू द्या."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी त्याला टोकेन असं त्यांना वाटलं असावं. मलाही तसंच वाटत होतं.

"उत्तमच लिहा," मी म्हणाले.

डॉक्टरांनी फॉर्म दोनदा वाचला, रक्ताचा आकडा पाहिला आणि तीन आठवडे लिहिले. फाटकापाशी धाकटा थांबला.

"मालकाला तू सांगायचंस," तो म्हणाला.

"सांगेन."

"आजच. आत्ता."

दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. काय सांगायचं ते मला अजून सुचलं नव्हतं. तो भराभर पुढे निघाला, आणि त्याला गाठायला मला जवळजवळ पळावं लागलं.