साठ दिवसांचं पिल्लू

डॉक्टर बाहेर आले आणि "बाई गेल्या," एवढंच म्हणाले. पंचशीलाचा, माझ्या बायकोचा, मोबाईल माझ्या हातात होता. तेवढ्यात तो वाजला. युसूफ वडगाव या गावचा धुळाजी बोलत होता.

"ताई, पिल्लाला साठ दिस झाले. लस बी दिली. या आता घिऊन जायला."

"येतो," मी म्हणालो.

धुळाजी अस्सल कारवानी जातीची शिकारी कुत्री पाळतो, पिल्लं विकतो. साठ दिवसांच्या आत पिल्लू आईपासून तोडत नाही. महिन्यापूर्वी आम्ही दोघं गेलो, तेव्हा त्यानं पिल्लाची आई दाखवली, बाप दाखवला आणि मग आमचीच चौकशी सुरू केली. घरी कोण असतं, अंगण आहे का, दिवसा कुलूप असतं का.

पंचशीला हसली. "पोरगी देताना बी एवढं इचारत न्हाईत, भाऊ."

"पोरगी फोन करती, ताई. ह्याला कुठं बोलता येतंय?"

निघताना त्यानं तिच्या डोक्याचा स्कार्फ मागून घेतला आणि पिल्लांच्या अंथरुणात टाकला. वासाची ओळख झाली की नव्या घरी पिल्लू रडत नाही, म्हणाला. तेव्हापासून ती त्याला रोज फोन करायची.

तिच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. मग मी आमच्या वडवणीहून मोटरसायकलवर धुळाजीकडं एकटाच गेलो. पिल्लू त्याच स्कार्फवर बसून त्याचा कोपरा चावत होतं.

"ताई कावून न्हाई आल्या, दाजी?"

"घरीच हाय. जरा ताप हाय."

मी खोटं बोललो. मी एसटीत कंट्रोलर आहे, सकाळी सातला जातो ते संध्याकाळी येतो. कुलूपबंद घरात धुळाजी पिल्लू देणार नव्हता. आणि तिचा वास ओळखणारं आता तेवढंच उरलं होतं.

"मग खायाचं त्यास्नीच सांगतो," म्हणत त्यानं फोन लावला.

माझ्या शर्टाच्या खिशात मोबाईल वाजला.

धुळाजीनं माझ्याकडं पाहिलं. थोडा वेळ वाजू दिला, मग बंद केला.

"कवा?"

"तुमी फोन केलता, त्याच दिवशी."

तो खाली बसला, मीही टेकलो. पिल्लू उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. पिल्लानं माझा हात हुंगला आणि उतरून पुन्हा स्कार्फवर गेलं.

"दिवसा घरी कोण असतंय आता?"

"कुणी न्हाई."

"मग न्हाई देता येत, दाजी. राग धरू नका."

"न्हाई धरत."

"स्कार्फ तरी न्या."

पिल्लू त्यावर झोपलं होतं. मी राहू दे म्हणालो.

गाडी चालू केली तेव्हा तो लसीचं कार्ड घेऊन मागं आला. "ताईनी नाव काय ठरिवलतं? तेच ठिवतो."

"पिल्लू घरी आल्यावर सांगीन म्हणली व्हती."

धुळाजीनं कार्ड घडी करून खिशात ठेवलं. पिल्लाचं नाव ठेवायचं अजून राहिलं आहे.